पावसात जन्मलेला वसंत

माझ्या मामांचं नाव वसंत. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या पिढीत ज्याची तारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याला मास्तर शाळा सुरू व्हायच्या सुमाराची एक तारीख देऊन टाकत. आमच्या बेळगाव-खानापूर भागात कितीतरी आजोबांचा वाढदिवस म्हणूनच एका दिवशी येतो. आजीला मात्र खरा दिवस पक्का ठाऊक होता. "कर्नाटकी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झाला. बाहेर झड लागलेली, ओली लाकडं पेटता पेटत नव्हती," असं ती सांगायची. बेंदूर म्हणजे बैलांचा सण.

मामांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, "मामांनी पंच्याहत्तर वसंत पाहिले." सगळे हसले, टाळ्या झाल्या. रात्री मामा मला म्हणाले, "मी पावसातला. मग नाव वसंत कसं? आणि हा वसंत असतो तरी कधी, ते एकदा नीट सांग बघू मला." शाळेत पाठ केलेलं उत्तर माझ्या तोंडावर होतं, चैत्र आणि वैशाख. पण मामांनी जन्मभर शेती केलेली. ते लगेच म्हणाले, "वैशाखात वणवा असतो रे. वैशाख वणवा म्हणतात ना? वणव्यात कसला वसंत?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पंचांग, जुने शब्द आणि वसंत नावाच्या नामवंतांच्या जन्मतारखा असं सगळं समोर घेऊन बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी शब्द. "अमक्याने इतके वसंत पाहिले" ही भाषणातली भाषा. घरात आपण म्हणतो, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." आणि आशीर्वाद देताना म्हणतो "जीवेत शरदः शतम्", म्हणजे शंभर शरद जग. एका वर्षात प्रत्येक ऋतू एकदाच येतो, म्हणून कुठलाही ऋतू मोजला तरी वर्षच मोजलं जातं. वेदांत "शंभर हिवाळे" असंही मागणं आहे. खुद्द "वर्ष" हा शब्द पावसाचा आहे. वर्षा आणि वर्ष ही एकाच धातूची लेकरं. तेव्हा मामांनी पंच्याहत्तर पावसाळे पाहिले म्हणा नाहीतर वसंत म्हणा, हिशेब एकच.

"वसंत" शब्दाचं नातं तर आणखी दूरवर जातं. भाषातज्ज्ञ सांगतात की संस्कृतातला वसंत आणि फारसीतला बहार हे एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले शब्द आहेत. गवयांनी "बसंत-बहार" असा जोडराग बांधला तेव्हा त्यांनी दोन भावंडांनाच शेजारी बसवलं. आणि आपला डाळिंबवाला शेतकरी "आंबे बहार धरलाय" म्हणतो तेव्हा तोही आंब्याच्या मोहोराचा काळ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच सांगत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आमच्या सीमाभागात या नावाची दोन रूपं कानावर पडतात. मराठी घरात तो "वसंत", शेवटचा त जवळजवळ पाय मोडल्यासारखा. कानडी शेजारी हाक मारतो तेव्हा शेवटचा अ पूर्ण उमटतो, "वसंता". एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. वसंताचा हिंदीत बसंत होतो, म्हणून बसवराज, बसप्पा, बसवण्णा ही नावंही त्यातलीच असावीत असं काही जणांना वाटतं. तसं नाही. बसव हा वृषभाचा कानडी अवतार, म्हणजे नंदी. उलट, ज्या नावात वसंत आहे असं कुणाला वाटत नाही त्यात तो आहे. माधव! चैत्र-वैशाख ही नक्षत्रांवरून पडलेली नावं रूढ होण्याआधी वेदकाळात महिन्यांना ऋतूंवरून नावं होती, आणि वसंताच्या दोन महिन्यांची नावं होती मधु आणि माधव. माधव म्हणजे कृष्ण हे खरंच, पण माधव म्हणजे वसंताचा दुसरा महिना हेही तितकंच खरं. गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण "ऋतूंमध्ये मी कुसुमाकर" म्हणतो, तो कुसुमाकरही वसंतच.

आता मामांचा मूळ प्रश्न. वसंत कधी?

याची दोन मापं आहेत आणि सगळा घोटाळा ती एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून होतो. पहिलं माप चंद्राचं. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून आमच्या गल्लीत एका दारात गुढी उभी राहते तेव्हाच समोरच्या दारात युगादीचा बेवु-बेल्ला, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, वाटला जातो. दिवस एक, शक एक, संवत्सराचं नावही एक.

पण चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि ऋतू ज्याच्यावर चालतात ते सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ती भरून काढायला साधारण दर साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालतात. त्यामुळे पाडवा पुढे-मागे झुलत राहतो. २०२३ मध्ये तो २२ मार्चला आला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे या मापाने वसंताचा दरवाजा दरवर्षी वेगळ्या तारखेला उघडतो.

दुसरं माप सूर्याचं, आणि ते शेतकऱ्याला चटकन पटतं. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. त्यानंतर सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो, सहा महिन्यांनी २१ जूनच्या सुमाराला परत फिरतो. हे सहा महिने उत्तरायण. उत्तरायणात तीन ऋतू बसतात, शिशिर, वसंत, ग्रीष्म, प्रत्येकी दोन महिने. करा हिशेब. शिशिर २२ डिसेंबर ते १९ फेब्रुवारीच्या आसपास. तिथून २० एप्रिलपर्यंत वसंत. मग ग्रीष्म, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वर्षा. या वसंताच्या बरोबर मध्यावर २०-२१ मार्च येतो, दिवस-रात्र समान असण्याचा दिवस. त्याला आपण वसंतसंपात म्हणतो ते उगीच नाही.

आता लोंढ्याच्या बाजूला रेल्वेने जाताना खिडकीतून काय दिसतं ते आठवा. पळस पेटतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पांगारा तेव्हाच. सावरीची लाल फुलं तर त्याही आधीपासून रस्त्यावर पडलेली असतात. आंब्याचा मोहोर संक्रांतीनंतर दरवळू लागतो. वैशाख उजाडतो तेव्हा फुलं संपून फळं धरलेली असतात आणि दुपारी वळवाचे ढग जमत असतात. झाडं सूर्याच्या मापाने चालतात. मामा म्हणत होते ते बरोबर होतं.

मग पुस्तकात चैत्र-वैशाख का लिहिलं? लिहिणाऱ्यांची चूक नव्हती. पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते, आणि भोवरा मंदावताना त्याचा आस जसा डुलतो तसा पृथ्वीचा आसही डुलतो, फक्त अतिशय सावकाश. एक डुलणं पुरं व्हायला जवळपास २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे वसंतसंपाताच्या दिवशी सूर्य ज्या ताऱ्यांपाशी असतो, ती जागा दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकते. आपलं पंचांग निरयण, म्हणजे ताऱ्यांना धरून चालणारं. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य ताऱ्यांच्या मेष राशीत शिरतो तो चैत्र. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मेष संक्रांत आणि वसंतसंपात एकाच वेळी येत असत. आज संपात २०-२१ मार्चला आणि मेष संक्रांत १३-१४ एप्रिलला. साधारण चोवीस दिवसांचं अंतर पडलं. संक्रांतीचंही तेच झालं. तिळगूळ वाटताना आपण "आजपासून उत्तरायण" म्हणतो, पण सावली २२ डिसेंबरपासूनच परतीला लागलेली असते.

हे सरकणं लोकमान्य टिळकांनी फार बारकाईने वापरलं. १८९३ साली त्यांनी इंग्रजीत एक ग्रंथ लिहून मांडलं की वेदांतल्या काही ऋचा वसंतसंपात मृग नक्षत्रात होता त्या काळच्या आहेत, आणि त्यावरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० वर्षांच्या सुमारास नेऊन ठेवला. तो काळ सर्वांना मान्य झाला नाही, पण वसंताचा घड्याळासारखा उपयोग करण्याची ही रीत मला आजही थक्क करते. हेच टिळक १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात होते, होमरूल लीगची स्थापना त्यांनी इथे केली. तारीख पाहा, २८ एप्रिल. तिथीने वसंत, पण सूर्याने ग्रीष्म नुकताच लागलेला.

स्वतंत्र भारताने या गोंधळावर एक उपाय केला होता. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. तिचा चैत्र संपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि तिच्यात वसंत म्हणजे फाल्गुन आणि चैत्र. आकाशवाणीवर आपण "राष्ट्रीय सौर चैत्र दिनांक अमुक" ऐकतो, पुढच्या बातमीकडे वळतो. सण काही तिने हलवले नाहीत, त्यामुळे ती घराघरांत आली नाही.

इतकं कळल्यावर मला सुचलं की दोन्ही मापं घेऊन मराठीतल्या नामवंत वसंतांच्या जन्मतारखा तपासाव्यात. निघालं ते मला फार आवडलं.

सांगली आमच्यापासून दूर नाही, म्हणून सुरुवात वसंतदादा पाटलांपासून. पद्माळ्याचे दादा, १९४३ साली सांगलीच्या तुरुंगातून निसटलेले स्वातंत्र्यसैनिक, पुढे साखर कारखानदारीचे उभारणीकर्ते आणि मुख्यमंत्री. जन्म १३ नोव्हेंबर १९१७. दुसऱ्या दिवशी आश्विन अमावास्या, म्हणजे दादा ऐन दिवाळीतले. तिथीने शरद, सूर्याने हेमंत. वसंताचा कुठे पत्ता नाही.

वसंतराव नाईक, अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ रोजी जन्म. पेरणीचे दिवस. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळतात, आणि त्या तारखेला शेतकरी खरोखरच शेतात असतो. कवी वसंत बापट कऱ्हाडचे, २५ जुलै १९२२, श्रावणाच्या तोंडावर. "दो आँखें बारह हाथ"चे संगीतकार वसंत देसाई सावंतवाडीकडचे, ९ जून १९१२, मृगाचा पाऊस यायचा तो मुहूर्त. म्हणजे माझ्या मामांना चांगली सोबत आहे.

मग येतात मार्चमधले तिघे. नाटककार वसंत कानेटकर, "रायगडाला जेव्हा जाग येते" लिहिणारे, जन्म रहिमतपूरचा, २० मार्च १९२२. वपु, म्हणजे वसंत पुरुषोत्तम काळे, २५ मार्च १९३२. आणि शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर, २५ मार्च १९३३. तिघांच्याही जन्मवेळी तिथी फाल्गुन वद्यातली. पाठ केलेल्या उत्तराप्रमाणे तिघे शिशिरातले. गोवारीकर तर पाडव्याच्या एक-दोन दिवस आधीचे, शिशिराच्या अगदी उंबऱ्यावर. पण सूर्याला विचारा, तो सांगतो की तिघेही भर वसंतातले. कानेटकर तर संपाताच्या आदल्या दिवशी जन्मले.

गोवारीकरांपाशी थोडं थांबतो. नाव ऋतूचं आणि कामही अखेर ऋतूचंच वाट्याला आलेला हा माणूस. आधी अग्निबाणांच्या घन इंधनावर काम, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचं संचालकपद, आणि मग दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव असताना मान्सूनचा अंदाज. १९८८ पासून हवामान खातं ज्या सोळा घटकांच्या प्रारूपावर देशाचा पावसाचा अंदाज सांगू लागलं, ते त्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. समुद्राचं तापमान, हिमालयातला बर्फ, वेगवेगळ्या ठिकाणचा हवेचा दाब असे सोळा धागे तपासायचे आणि जूनच्या आधी सांगायचं की यंदा पाऊस किती. अनेक वर्षं ते चाललं. २००२ च्या दुष्काळाची चाहूल मात्र त्याला लागली नाही, आणि त्यानंतर खात्याने प्रारूपं बदलली. तरी पाऊस आकड्यांत सांगता येईल ही हिंमत त्या कामाने दिली. मे महिन्यात अंदाजाच्या बातमीकडे कान लावून बसलेला आमच्याकडचा भात पिकवणारा माणूस हे नाव जाणत नसेल, पण त्याच्या कामाशी त्याचा दरवर्षी संबंध येतो.

मार्चच्या तिघांच्या बरोबर उलट उदाहरण पंडित वसंतराव देशपांडे. २ मे १९२०, मूर्तिजापूर, वैशाख पौर्णिमेच्या सुमाराला. तिथीने वसंत, पण सूर्याने ग्रीष्म लागून दहा-बारा दिवस झालेले. आणि कोल्हापूरचे व्यंगचित्रकार वसंत सरवटे, ३ फेब्रुवारी १९२७. माघ नुकताच लागला होता, तीन-चार दिवसांवर वसंत पंचमी. ही पंचमी पूर्वी मला कोड्यात टाकायची. वसंत चैत्रात, मग त्याची पंचमी माघात कशी? पंचमी ऋतूची चाहूल देते, आणि सूर्याच्या वसंतापासून ती फार तर थोडे आठवडे अलीकडे असते. आंब्याला मोहोर तेव्हाच असतो. आंबे बहार आठवा.

थोडक्यात, मी पाहिलेल्या या नामवंतांत दोन्ही मापांनी वसंतात जन्मलेला वसंत एकही सापडला नाही. पाडवा ते २० एप्रिल एवढीच ती अरुंद फट. त्या फटीत बसणारा एक थोर माणूस मात्र सापडला, आणि तो आमच्या बेळगाव तालुक्यातला. सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी, चैत्र शुद्धात, कोमकली मठांच्या घरी शिवपुत्र जन्मला. पुढे जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखू लागलं. घर कानडी, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, कर्मभूमी माळव्यातलं देवास. याच गायकाने ऋतूंची गाणी एकत्र बांधून "गीतवर्षा", "गीत हेमंत" आणि "गीत वसंत" असे कार्यक्रम उभे केले. नावात ऋतू नव्हता, गळ्यात होता.

दुसऱ्या ऋतूंची नावं मी घाईनेच पाहिली. शरद पवारांचा जन्म १२ डिसेंबर १९४०, मार्गशीर्ष शुद्धातला, म्हणजे हेमंतातला. आणि मुंबईवरच्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, तेही १२ डिसेंबरचेच, १९५४, आणि तो महिनाही मार्गशीर्ष. हेमंत हेमंतातच जन्मला, दोन्ही मापांनी. मुलाचं नाव ग्रीष्म ठेवलेलं मी आमच्याकडे ऐकलं नाही. ज्या ऋतूची वाट पाहावी त्याचंच नाव लोक ठेवतात.

नाव ठेवण्याचं आणखी एक कारण असतं, अक्षर. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात, त्याचं अक्षर भटजी सांगतात. रोहिणीची अक्षरं ओ, वा, वी, वू. मृगाची वे, वो, का, की. म्हणजे कितीतरी वसंतांचा वसंत ऋतूशी संबंधच नसेल, "व" पासून नाव हवं होतं म्हणून विठ्ठल, विष्णू, वामन, वसंत यांतलं एक निवडलं गेलं असेल.

मामांच्या बाबतीत मी हेही तपासलं. आमच्याकडच्या दिनदर्शिकेत कर्नाटकी बेंदूर आणि महाराष्ट्रीय बेंदूर असे दोन वेगळे छापलेले असतात. पहिला ज्येष्ठ पौर्णिमेला, ज्याला कानडीत कारहुण्णिमे म्हणतात, आणि दुसरा आषाढात. मामा पहिल्याच्या दुसऱ्या दिवशीचे, म्हणजे ज्येष्ठ वद्य प्रतिपदेचे. तिथीने ग्रीष्म, डोळ्यांसमोर पाऊस. चंद्र तेव्हा ज्येष्ठा, मूळ किंवा पूर्वाषाढा नक्षत्राजवळ असणार, आणि त्यांच्या अक्षरांत न, य, भ, ध वगैरे आहेत, व नाही. म्हणजे नाव ऋतूवरूनही नाही आणि अक्षरावरूनही नाही.

मी हे सगळं मामांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही मापांची आकृती पाहिली, पळसाच्या हिशेबावर मान डोलावली. मग म्हणाले, "अक्षराचं नाहीच ते. आईचा धाकटा भाऊ होता, वसंत. पटकीत गेला, सात वर्षांचा. मी झालो तेव्हा आईने बारशाला दुसरं नाव घेऊच दिलं नाही."

तो वसंत कधी जन्मला होता, मी विचारलं.

"होळीच्या दुसऱ्या दिवशी," मामा म्हणाले. "आई दर धुळवडीला सांगायची."

फाल्गुन वद्य प्रतिपदा. मी कागदावर सूर्याच्या वसंताची चौकट काढली होती, तिच्या आत पेन्सिलीने एक खूण केली आणि कागद मामांकडे दिला.